घटक ४ : भयपटाचे व्याकरण – दडवलेला कर्ता

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :

• भयानक रसाची पारंपरिक कल्पना आणि भयपटाचे तंत्र यांचा संबंध सांगता येईल.
• चौकट, प्रकाश, ध्वनी आणि संकलन या चार अंगांनी पडद्यावर भय कसे निर्माण होते ते स्पष्ट करता येईल.
• ‘महल’, ‘लपाछपी’ आणि ‘तुंबाड’ या चित्रपटांच्या आधारे भयपटातील प्रसंगाचे विश्लेषण करता येईल.
• भयपट भयाचा ठपका कोणावर ठेवतो, या प्रश्नाचा चिकित्सक विचार करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण गूढकथा आणि भयकथा यांचा परिचय करून घेतला. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथांत शब्दांच्या साहाय्याने भय कसे उभे राहते, हे पाहिले. प्रस्तुत घटकात आपण कागदावरून पडद्याकडे जाणार आहोत. तेथे जाताना मात्र व्याकरणाचे बोट सोडायचे नाही.

पुढील दोन वाक्ये वाचा.

(अ) त्याने वाड्याचे दार उघडले.
(आ) रात्री वाड्याचे दार उघडले.

‘उघडणे’ हे उभयविध क्रियापद आहे, म्हणजे ते सकर्मक आणि अकर्मक अशा दोन्ही प्रकारे वापरले जाते, हे तुम्ही शालेय व्याकरणात शिकला आहात. पहिल्या वाक्यात दार उघडणारा कोणी आहे. दुसऱ्या वाक्यात क्रिया घडली, तिचा परिणाम दिसला, पण ती कोणी केली हे वाक्य सांगत नाही. दिवसा हे वाक्य ऐकले, तर ‘वाऱ्याने उघडले असेल’ असे म्हणून आपण पुढे जातो. रिकाम्या घरात मध्यरात्री तेच वाक्य ऐकले, तर मन त्या मोकळ्या जागी कोणाला तरी आणून बसवते. तो ‘कोणीतरी’ कसा असेल, हे प्रत्येक जण आपापल्या भीतीनुसार ठरवतो.

या घटकाचे मुख्य प्रतिपादन या एका निरीक्षणातून निघते. भयपटाचे तंत्र म्हणजे कर्ता दडवण्याचे तंत्र होय. क्रिया दाखवायची, परिणाम दाखवायचा, आणि करणारा शक्य तितका वेळ चौकटीबाहेर ठेवायचा. चित्रपटाला व्याकरण असते, असे म्हणणे हे अखेर एक रूपकच आहे. परंतु अभ्यासाचे साधन म्हणून ते उपयोगी पडते, कारण त्यामुळे पडद्यावर काय दिसले यासोबतच काय वगळले गेले, हे विचारण्याची सवय लागते.

सूचना : या घटकात चित्रपटांच्या शेवटांचीही चर्चा आहे. शक्य असल्यास चित्रपट आधी पाहावेत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ भयानक रस आणि पडदा

भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त भयानक हा आठ रसांपैकी एक असून भय हा त्याचा स्थायीभाव सांगितला आहे. या रसाचा वर्ण काळा आणि त्याची देवता काल होय. त्याच्या विभावांची यादी आजच्या दिग्दर्शकालाही उपयोगी पडावी अशी आहे. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य ही त्यातील काही उदाहरणे. यादीच्या आरंभी दर्शन नाही, आवाज आहे. दिसण्यापूर्वी ऐकू येणे हा भयाचा क्रम नाट्यशास्त्रकारांनी नेमका हेरलेला होता.

हातापायांना कंप सुटणे, अंगावर काटा येणे, चेहरा उतरणे, आवाज बदलणे हे भयाचे अनुभाव होत. रंगभूमीवर हे अनुभाव नट आपल्या शरीराने दाखवतो. चित्रपटात नटाच्या जोडीला कॅमेरा असतो आणि तो प्रेक्षकाला पात्राच्या जागी उभे करू शकतो. येथेही मराठी वाक्यरचना आपल्याला मदत करते. ‘मला भीती वाटली’ असे आपण म्हणतो. या रचनेत ‘मी’ काही करत नाही. भीती ‘मला’ वाटते, ती माझ्यापर्यंत येऊन पोहोचते. पात्राच्या नजरेतून घेतलेला शॉट प्रेक्षकाला या ‘मला’च्या जागी बसवतो. समोरच्या बोळातून पुढे जायचे की मागे फिरायचे, हे प्रेक्षकाच्या हाती राहत नाही. कॅमेरा नेईल तेथे त्याला जावे लागते.

४.३.२ चौकट : रिकामी जागा

चित्रपटाची प्रत्येक चौकट काही दाखवते आणि उरलेले सारे जग कापून टाकते. सामान्य चित्रपटात त्या कापलेल्या भागाकडे आपले लक्ष जात नाही. भयपट मात्र त्याची सतत आठवण करून देतो. पात्र चौकटीच्या एका कडेला, त्याच्यामागे अर्धवट उघडे दार आणि दारापलीकडे काळोख, ही रचना तुम्ही अनेकदा पाहिली असेल. त्या दारातून काहीही येत नाही, तरीही आपली नजर पात्राच्या चेहऱ्यावरून पुन्हा पुन्हा दाराकडे वळते. रिकामी जागा ही कर्त्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे, हे आपण न सांगता ओळखतो.

विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. पूजा सावंत यांनी साकारलेली नेहा गरोदर आहे. कर्जाच्या अडचणीमुळे ती आणि तिचा पती शहर सोडून उसाच्या शेतात असलेल्या एका एकाकी घरात आश्रय घेतात. त्या घरातील तुळसाबाईची भूमिका उषा नाईक यांनी केली आहे. या चित्रपटात ओसाड वाड्याचे काम ऊस करतो. मराठवाड्यातील किंवा पश्चिम महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. डोक्याच्या वर वाढलेल्या उसात शिरले की चारही बाजू सारख्याच दिसू लागतात. दोन हातांपलीकडचे काही दिसत नाही. पाचटाची सळसळ ऐकू येते, पण वारा आहे, कुत्रे आहे, रानडुक्कर आहे की माणूस, हे कळत नाही. रोजच्या ओळखीचे पीक येथे कर्ता दडवणारी भिंत होते. त्यामुळे बरेच प्रसंग दिवसाउजेडी घडूनही भय कमी होत नाही. भयाला अंधार लागतोच असे नाही. त्याला आडोसा लागतो.

४.३.३ प्रकाश : अर्धे दिसणे

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे ३० किलोमीटरवरील वेरूळला तुम्ही गेला असाल, तर एक अनुभव आठवून पाहा. रामेश्वर लेण्यात, म्हणजे लेणे क्रमांक २१ मध्ये, बाहेरच्या उन्हातून बाजूच्या दालनात शिरल्यावर प्रथम काही नीट दिसत नाही. डोळे सरावत जातात तशा सप्तमातृका दिसू लागतात, आणि जवळच काल व काली यांच्या हाडांचे सापळे झालेल्या आकृती उमटतात. बरगड्या, खपाटीला गेलेले पोट, मग चेहरा, असे एकेक अंग अंधारातून पुढे येते. शिल्प तर हललेले नाही. आपल्या दिसण्याला वेळ लागला, आणि त्या वेळात अंगावर काटा आला. भयानक रसाची देवता काल असल्याचे आपण वर पाहिले. येथे तो दगडात समोर उभा असतो.

भयपटातील प्रकाशयोजना हेच काम हेतुपूर्वक करते. जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’ (१९२२) यात जिना चढणाऱ्या पिशाच्चाची भिंतीवर पडलेली सावली दिसते. सावली हा कर्त्याचा पुरावा आहे, कर्ता नव्हे.

‘तुंबाड’ (२०१८) हा राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याची भाषा हिंदी असली, तरी त्याचे विश्व मराठी आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण करून देते, आणि मूळ प्रेरणेत नारायण धारप यांच्या कथेचा वाटा आहे. कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत घडते. देवांच्या शापामुळे तुंबाडवर अखंड पाऊस कोसळतो. छायालेखक पंकज कुमार यांनी ढगाळ, ओलसर उजेड आणि कंदील-मशालींचा तोकडा प्रकाश यांत हा चित्रपट रंगवला आहे. कंदिलाचा उजेड आपल्याभोवती एक लहान वर्तुळ आखतो. त्या वर्तुळात जे आहे ते दिसते. पण त्याच उजेडामुळे वर्तुळाबाहेरचा अंधार अधिक गडद होतो. म्हणून भयपटातील दिवा धीर देण्याऐवजी काळजी वाढवतो.

४.३.४ ध्वनी : आवाज आला, पण कोणाचा?

‘आवाज आला’ हे मराठीतील एक साधे वाक्य आहे. आवाज करणारा त्यात नाही. जणू आवाज स्वतःच चालत आला. भयपटाचे ध्वनितंत्र या वाक्यावर उभे आहे. चित्राला चौकटीची मर्यादा असते, ध्वनीला ती नसते. जे दाखवलेले नाही ते ऐकवता येते.

कमाल अमरोही दिग्दर्शित ‘महल’ (१९४९) हे भारतीय चित्रपटातील याचे ठळक उदाहरण होय. मुंबईच्या बॉम्बे टॉकीजने निर्माण केलेल्या या चित्रपटात एका ओसाड महालात कोठून तरी एका स्त्रीचे गाणे ऐकू येते आणि नायक त्या स्वरामागे फिरत राहतो. खेमचंद प्रकाश यांचे संगीत असलेले हे गीत तरुण लता मंगेशकर यांनी गायिले. स्वर दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गात गात त्याच्याकडे चालत आल्या, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. आजच्यासारखी साधने हाताशी नसताना अंतर हाच एक परिणाम म्हणून वापरला गेला. प्रेक्षकाला गाणारी दिसत नव्हती. परंतु ती जवळ येते आहे, एवढे मात्र निश्चित कळत होते.

ध्वनीचा दुसरा उपयोग झाकण्यासाठी होतो. ‘तुंबाड’मधील सततचा पाऊस केवळ वातावरण निर्माण करत नाही. अशा पावसात पावलांची चाहूल लागत नाही, हाक पोहोचत नाही. आवाजाचा पडदाही अंधाराइतकाच दाट असू शकतो. तिसरा उपयोग शांततेचा. रातकिडे अचानक थांबले की गावाकडचा माणूस कान टवकारतो, कारण काहीतरी आल्याची ती खूण असते. चित्रपटातही चालू असलेला आवाज काढून घेणे हे नवा आवाज आणण्याइतकेच परिणामकारक ठरते.

४.३.५ संकलन : थांबवून ठेवणे

शॉट किती वेळ ठेवायचा आणि कोठे कापायचा, हे संकलन ठरवते. भयपटात याला विशेष महत्त्व आहे, कारण कर्ता किती काळ दडवायचा हे येथेच निश्चित होते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी याबाबत केलेला भेद प्रसिद्ध आहे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षकाला क्षणभराचा धक्का बसतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले आणि टेबलाभोवतीची माणसे गप्पा मारत राहिली, तर तीच निरर्थक बडबड असह्य होते. पहिल्यात धक्का आहे, दुसऱ्यात उत्कंठा.

धक्का देणे तुलनेने सोपे आहे. क्षणभर शांतता ठेवावी आणि कर्णकर्कश आवाजासह एखादा चेहरा पडद्यावर आणावा. प्रेक्षक दचकतो, कारण दचकणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे; मांजराने भांडे पाडले तरी आपण दचकतो. दचकणे संपले की उरत काही नाही. भय मात्र चित्रपटगृहातून आपल्याबरोबर घरी येते.

‘तुंबाड’मध्ये माहितीचा क्रम कौशल्याने उलटवला आहे. विनायक तुंबाडहून सोन्याच्या मुद्रा घेऊन पुण्याला येतो, हे आपल्याला आधी दिसते. त्या मुद्रा तो कशा मिळवतो, ही पूर्ण कृती बऱ्याच उशिरा सविस्तर उलगडते. म्हणजे कर्म आधी, क्रिया नंतर, आणि ज्याच्याकडून मुद्रा हिसकावल्या जातात तो हस्तर सर्वांत शेवटी. विहिरीच्या तळाशी, देवीच्या गर्भासारख्या लाल पोकळीत, विनायक पिठाचे रिंगण आखून आत बसतो आणि कणकेची बाहुली आमिष म्हणून ठेवतो. रिंगण ही जणू चौकटीच्या आत आखलेली आणखी एक चौकट आहे. आपली नजर तिच्या कडेवर खिळते, कारण आत सुरक्षितता आणि बाहेर भूक, एवढेच आता आपल्याला ठाऊक असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

योग्य पर्याय निवडून वाक्ये पुन्हा लिहा.

१. भयानक रसाचा स्थायीभाव ______ हा आहे. (जुगुप्सा / भय / विस्मय)
२. ‘उघडणे’ हे ______ क्रियापदाचे उदाहरण आहे. (उभयविध / शक्य / प्रयोजक)
३. ‘लपाछपी’ या चित्रपटात आडोशाचे काम ______ करतो. (वाडा / ऊस / पाऊस)
४. ‘महल’ या चित्रपटाचे संगीतकार ______ हे होत. (अजय-अतुल / हेमंतकुमार / खेमचंद प्रकाश)

४.३.६ कर्ता सापडतो तेव्हा

कर्ता कायम दडवून ठेवता येत नाही. कधीतरी वाक्य पूर्ण करावे लागते. भयपटाची खरी परीक्षा येथे होते, कारण प्रेक्षकाने मनात उभ्या केलेल्या आकृतीपुढे पडद्यावरचा मुखवटा बहुधा फिका पडतो. वर पाहिलेल्या तिन्ही चित्रपटांनी या अडचणीतून काढलेला मार्ग तुलना करण्यासारखा आहे.

‘महल’मध्ये ज्या स्वरामागे नायक वेडा होतो, तो अतृप्त आत्म्याचा नसतो. महालाच्या माळ्याची जिवंत मुलगी तो खेळ करत असते. ‘लपाछपी’त भुते आहेत, पण त्यांच्यामागे मुलगी नको असलेल्या घराने केलेली हत्या आहे. उसातल्या आकृतींना आपण घाबरत असतो, आणि खरी भीती घरात, स्वयंपाक करून वाढणाऱ्या हातांत असते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८०० च्या आसपास होती. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला उसाच्या शेतातील ही कथा केवळ कल्पित वाटत नाही. याच दिग्दर्शकाने पुढे ‘छोरी’ (२०२१) या नावाने हिंदीत हीच कथा सांगितली.

‘तुंबाड’मध्ये हस्तर हा राक्षसी देवपुत्र आहे खरा, परंतु तो आपण होऊन वर येत नाही. दोर बांधून खाली उतरतो तो माणूस. विनायक आपल्या कोवळ्या मुलालाही त्या विहिरीत उतरायला शिकवतो. शेवटी एकाऐवजी अनेक बाहुल्या नेण्याची हाव सुटते, तेव्हा जितक्या बाहुल्या तितके हस्तर अवतरतात. आदिम भुकेचा धनी हस्तर, पण त्या भुकेला वारंवार जागे करणारा कर्ता विनायकच. १९१८ च्या भागात जिने आपला थरकाप उडवला, ती साखळदंडांनी जखडलेली आजी १९३३ मध्ये पुन्हा भेटते, तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते आणि तिला फक्त सुटका हवी असते. तेथे भयाचे रूपांतर करुणेत होते. मोहम्मद समद या बालकलाकाराने ही आजी आणि विनायकचा मुलगा, अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. लोभाचा आरंभ आणि त्याचा वारसा एकाच देहात पाहायला मिळावेत, हा योगही अर्थपूर्ण आहे.

४.३.७ भयाचे बोट कोणाकडे?

आतापर्यंत आपण तंत्र पाहिले. परंतु तंत्र स्वतः निरागस नसते. प्रेक्षकाच्या मनात कर्त्यासाठी रिकामी जागा तयार केली, की त्या जागी कोणालाही बसवता येते. असंख्य भयपटांनी तेथे मोकळ्या केसांची स्त्री, विधवा, एकटी राहणारी म्हातारी, वेडसर माणूस यांना बसवले आहे. खालून टाकलेला उजेड, चेहऱ्याचा क्लोज-अप आणि सूचक पार्श्वसंगीत एवढ्या सामग्रीवर कोणाही वृद्ध स्त्रीला चेटकीण ठरवता येते.

हा प्रश्न पडद्यापुरता राहत नाही. घरात मूल आजारी पडले, गाय दगावली, पीक गेले; क्रिया घडली, परिणाम दिसला, कर्ता दिसत नाही. अशा वेळी ‘करणी केली’ असे म्हटले जाते, आणि करणारी म्हणून बहुधा गावातल्या सर्वांत दुबळ्या बाईकडे बोट दाखवले जाते. ‘करणी’ हा शब्दच ‘करणे’ या क्रियापदापासून आलेला आहे, हे ध्यानात घ्या. ज्या घटनेला कर्ता नाही तिला तो चिकटवण्याची घाई त्या शब्दात साठलेली आहे. या घाईने महाराष्ट्रात माणसे मारली गेली आहेत. तिच्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. एखाद्या व्यक्तीवर करणी किंवा जादूटोण्याचा आरोप करून तिचे जगणे मुश्कील करणे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, ही कृत्ये या कायद्याने गुन्हा ठरवली आहेत.

याचा अर्थ भयपट पाहू नयेत, असा नाही. भय हा रस आहे, आणि सुरक्षित अंतरावरून घेतलेल्या भयात आनंद असतो. मात्र दिवे लागल्यावर अभ्यासकाने एक प्रश्न विचारायला हवा : या चित्रपटाने मला कोणाची भीती घातली, आणि ती भीती त्या व्यक्तीला शोभते का? चांगला भयपट आपल्याला विहिरीतल्या हस्तरापासून दोर धरणाऱ्या हातापर्यंत आणून सोडतो. सामान्य भयपट म्हाताऱ्या बाईपाशी थांबतो.

४.४ सारांश

भयपटात क्रिया आणि परिणाम दिसतात, कर्ता दडवला जातो. रिकामी चौकट, अर्धवट प्रकाश, उगम न दाखवलेला ध्वनी आणि लांबवलेला क्षण ही कर्ता दडवण्याची चार साधने आहेत. केवळ दचकवणे आणि भय निर्माण करणे यांत भेद आहे. ‘महल’, ‘लपाछपी’ आणि ‘तुंबाड’ या चित्रपटांत दडवलेल्या कर्त्याचा शोध अखेरीस माणसापाशी पोहोचतो. भयाचा ठपका कोणावर ठेवला जातो हा प्रश्न कलेइतकाच समाजाशी निगडित आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

विभाव : भावाची उत्पत्ती किंवा उद्दीपन करणारे कारण.
अनुभाव : भाव प्रकट करणारी शारीरिक चिन्हे.
चौकट : कॅमेऱ्याने निवडलेला दृश्याचा भाग.
संकलन : चित्रित शॉटची निवड, लांबी आणि क्रम ठरवण्याची प्रक्रिया.
उभयविध क्रियापद : सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही प्रकारे वापरले जाणारे क्रियापद.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १ ची उत्तरे : १. भय २. उभयविध ३. ऊस ४. खेमचंद प्रकाश

४.६ स्वाध्याय

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. ‘भयपटाचे तंत्र म्हणजे कर्ता दडवण्याचे तंत्र’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. भयपट आणि सामाजिक वास्तव यांचा संबंध ‘लपाछपी’ व ‘तुंबाड’ यांच्या आधारे स्पष्ट करा.

ब) टिपा लिहा
१. ‘महल’मधील ध्वनीचा उपयोग
२. धक्का आणि उत्कंठा
३. भयानक रसाचे विभाव

४.७ उपक्रम

१. तुमच्या आवडीच्या भयपटातील पाच मिनिटांचा प्रसंग निवडा. तो प्रथम आवाज बंद करून पाहा, नंतर डोळे मिटून केवळ ऐका. कोणत्या वेळी अधिक भीती वाटली आणि का, हे एका पानात लिहा.
२. घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक भुताची गोष्ट ऐका व ती त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. गोष्टीतील ज्या वाक्यांत कर्ता सांगितलेला नाही ती अधोरेखित करा. गोष्टीच्या शेवटी दोष कोणाला दिला जातो, याची नोंद करा आणि त्यावर आपले मत मांडा.